कथलाची वीट आणि काँगोचा फॉर्म

कुपवाड एमआयडीसीत माझं तांब्याच्या केबल लगचं, म्हणजे वायरच्या टोकाला बसवतात त्या जोडणीच्या तुकड्यांचं, छोटं युनिट आहे. दोन वर्षांमागे पुण्याच्या गिऱ्हाइकाचा मेल आला: सोबतची एक्सेल आठ दिवसांत भरून द्या, नाहीतर पुढची ऑर्डर थांबेल. वर लिहिलेलं 'कॉन्फ्लिक्ट मिनरल्स'. त्यांचा माल अमेरिकेला जातो. तिथल्या २०१० च्या कायद्यानं शेअर बाजारातल्या कंपन्यांना शोधावं लागतं, की मालातलं कथील, टॅन्टलम, टंगस्टन नि सोनं काँगो किंवा त्याच्या नऊ शेजारी देशांतलं आहे का. पूर्व काँगोतल्या खाणींवर बंदूकवाले वसुली करतात, म्हणून हा खटाटोप.

मी सगळीकडे 'नाही' ठोकलं. दुसऱ्या दिवशी फॉर्म परत. "तुमच्या लगवर टिन प्लेटिंग आहे ना?" आईच्या पातेल्यांना कल्हई लावतात तेच हे कथील, आणि मीच विसरलेलो. टंगस्टनला मात्र 'नाही'च राहिलं. आमच्या कार्बाइड टूलमध्ये ते असतं, पण मालात उरतं तेवढंच धरायचं. गंमत म्हणजे तांब्यात काँगो जगातल्या बड्या उत्पादकांपैकी, आणि हा फॉर्म तांब्याबद्दल चकार शब्द विचारत नाही.

खरा घोळ स्मेल्टरच्या पानावर झाला. मी मुंबईच्या डीलरचं नाव टाकलं, चालेना. धातू वितळवणारा कारखानाच हवा होता. का, ते विट्याच्या मावसभावानं फोनवर सांगितलं. त्याचं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान आहे. "अरे, मुशीत गेलं की सोन्याला गाव राहत नाही. विचारायचं ते मुशीच्या आधी."

मग प्लेटिंगवाल्याकडे गेलो. तो वैतागला. "दादा, काँगोचं नाही म्हणून लिहा की, कोण बघतंय?" शेवटी बाथच्या मागं, पोत्याखाली कथलाची एक वीट सापडली. हातानं धूळ पुसली तर इंडोनेशियाच्या कारखान्याची मोहोर. ते नाव ऑडिट झालेल्या स्मेल्टरच्या यादीत मिळालं, नंबर टाकला, फॉर्म पास.

पण त्याचं 'काँगोचं नाही म्हणून लिहा' डोक्यात राहिलं. कायदा आल्यावर बऱ्याच कंपन्यांनी हेच केलं: नस्ती कटकट नको म्हणून तिथला मालच घेईनात. सप्टेंबर २०१० ते मार्च २०११ तर तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी पूर्वेकडच्या खाणीच बंद ठेवल्या. हातानं खणून पोट भरणाऱ्यांची चूल विझली. पुढं पोत्यांना खाणीवरच टॅग लावायची पद्धत आली, म्हणजे चांगल्या खाणीचा माल विकता यावा. तीही गळकी. एप्रिल २०२४ मध्ये एम२३ या बंडखोर गटानं पूर्वेकडच्या रुबायाच्या कोल्टन (टॅन्टलमचं खनिज) खाणी घेतल्या, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या हिशेबानं महिन्याला किमान ८ लाख डॉलर वसूल करू लागले. तरी मला वाटतं, पाठ फिरवणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा कटकट करून का होईना, माल घेणारं गिऱ्हाईक तिथल्या माणसाच्या जास्त कामाचं. धंद्यात आपल्यालाही तसलंच लागतं.

प्लेटिंगवाला आता नवीन लॉट आला की विटेचा फोटो न मागता व्हॉट्सॲप करतो. यंदा पुण्याहून आणखी एक फॉर्म आलाय, कोबाल्ट नि अभ्रकाचा. अभ्रकाच्या बाबतीत भारताचंही नाव निघतं. झारखंडातल्या खाणींत पोरं राबतात म्हणून.