कॉलेज स्ट्रीटच्या गल्लीतलं पाइस हॉटेल

कोलकात्याला निघालेल्या माणसाला आपल्याकडे काठी रोल, पार्क स्ट्रीट आणि रसगुल्ला एवढंच सांगितलं जातं. दुपारच्या जेवणाचं कुणी बोलत नाही. माझ्या मते या शहराची खरी चव दुपारी, पाइस हॉटेलात कळते. रुपयाचे ६४ पैसे, म्हणजे ‘पाइस’, होते त्या काळात खेड्यापाड्यांतून आलेले कारकून आणि विद्यार्थी इथल्या मेसमध्ये, म्हणजे भाड्याच्या सामायिक खोल्यांत, दाटीवाटीनं राहायचे. त्यांना परवडेल असं घरचं जेवण देणारी ही हॉटेलं.

मी गेलो ते स्वाधीन भारत हिंदू हॉटेलात. कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची दुकानं मागे टाकून भवानी दत्त लेनमध्ये वळायचं. पलीकडेच प्रेसिडेन्सी कॉलेज, आताचं विद्यापीठ. तिथे शिकत असताना सुभाषबाबू इथे जेवायला यायचे, असं सांगतात. नावात ‘स्वाधीन भारत’, म्हणजे स्वतंत्र भारत, आलं ते स्वातंत्र्यानंतर.

जागा मिळेल तिथे, अनोळखी माणसाच्या शेजारी बसायचं. समोर केळीचं पान, वाफाळता भात, मातीच्या भांड्यात पाणी. मेनू खडूनं फळ्यावर लिहिलेला, पण तो वाचेपर्यंत वाढपी माशांची नावं एका दमात म्हणून दाखवतो: रुई, कातला, पाब्दा, पार्शे, टेंगरा... बंगाली येत नसेल तर शेजारच्याच्या पानाकडे बोट दाखवावं, कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

आपण ताटात डावं-उजवं वाढून घेतो आणि सगळं मिसळत जेवतो. इथे एकेक पदार्थ भाताबरोबर संपवत पुढे जायचं, आणि सुरुवात कडूनं. शुक्तो या कडसर भाजीत कारलं, कच्चं केळं, शेवगा, वांगं आणि डाळीच्या तळलेल्या वड्या. रस दुधाळ, किंचित कडसर. पहिल्या घासाला जीभ थबकते, तिसऱ्या घासाला भूक खवळते. मग डाळ, बटाट्याचा कुरकुरीत कीस आणि मोहरी वाटून केलेलं पार्शेचं ‘झाल’, म्हणजे तिखट कालवण. पार्शे बोटभर लांबीचा, काट्यांचा मासा. मोहरीचा झणका नाकात जातो आणि डोळ्यांत पाणी येतं. त्यावर शेवटी टोमॅटोची गोड चटणी. कोकणातल्या आमटीवर वाढलेल्या मला नारळाशिवाय माशाला इतकी चव येते हे इथे पटलं.

सगळ्यात आवडला तो इथला हिशेब. गिरणगावातल्या आपल्या खानावळी महिन्याच्या बोलीवर चालायच्या. इथे भात वेगळा, डाळ वेगळी, माशाचा तुकडा वेगळा, लिंबाची फोड वेगळी, केळीच्या पानाचेसुद्धा वेगळे पैसे. ऐकायला हे कंजूसपणाचं वाटेल, पण खिशात थोडे पैसे असलेला विद्यार्थी डाळ-भात-भाजी खाऊन उठतो आणि त्याच टेबलावर दुसरा कुणी महागाचा चितळ मासा मागवतो. दोघांना वाढणारा हात एकच. आपण हात धुवेपर्यंत वाढपी काय काय खाल्लं ते गल्ल्यावर ओरडून सांगतो, कागद लागत नाही. एका माशासकट माझं जेवण तिथल्या एखाद्या कॅफेतल्या कॉफी-सँडविचपेक्षा स्वस्तात झालं.

साडेबारा-एकपर्यंत पोचा, दोननंतर चांगले मासे संपतात. सुटे पैसे जवळ ठेवा. शाकाहाऱ्यांनी पोश्तो म्हणजे खसखशीतली भाजी आणि केळफुलाचा मोचार घंटो मागवावा. मात्र डाळ घेण्याआधी विचाराच, बंगाली मूगडाळीत माशाचं डोकं घालायची पद्धत आहे. प्रवासात पोट नाजूक झालं असेल तर न्यू मार्केटजवळच्या सिद्धेश्वरी आश्रमात कविराजी झोल मिळतो: मासा, बटाटा, कच्चं केळं, बेताचा मसाला आणि पातळ रस्सा.

कॉलेज स्ट्रीटला जेवलात तर लगेच टॅक्सी शोधू नका. कॉलेज स्क्वेअरच्या तळ्याजवळ १९१८पासूनचं पॅरामाउंट सरबताचं दुकान आहे. तिथलं डाब सरबत, म्हणजे शहाळ्याचं पाणी आणि कोवळी मलई, रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र रायांनी सुचवलेल्या कृतीनं करतात असं म्हणतात. मोहरीच्या तिखटावर ते प्यायलाच हवं.