निळा कुणाला द्यायचा?

मंगळवार, रात्री

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय आज लिहून दिला. कल्पित गाव, नाव तळवाडी. जमिनीवर काही नाही, अख्खं गाव एका अवाढव्य बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, पायऱ्यांवर वसलेलं. गावाची काही मोठी दृश्यं, एक मुख्य पात्र, वापरातल्या वस्तूंची शीट आणि शेवटी की-आर्ट, म्हणजे सगळं एकत्र दाखवणारं मुख्य चित्र. सरांनी थंबनेल्स, म्हणजे छोटी कच्ची चित्रं, चाळली, मान डोलावली आणि जाता जाता विचारलं, "दिसायला भारी आहे. ही माणसं आंघोळ कुठं करतात?"

वर्ग हसला, मीपण हसले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कॉन्सेप्ट आर्टचं, म्हणजे गेम-सिनेमाच्या आधी काढायचं चित्र भिंतीवर टांगायला नसतं. आपल्यानंतर कुणीतरी थ्रीडी मॉडेल करणारा, कुणी सेट बांधणारा ते समोर ठेवून कामाला लागणार असतो. सूर्यास्त किती देखणा आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. दार आत उघडतं की बाहेर, पायरीची उंची किती, दोरी कुठल्या खुंटीला बांधलीय, हे त्याला पाहिजे. ते चित्रात नसेल तर तो फोन करून विचारणार, किंवा स्वतःच्या मनानं काहीतरी ठोकून देणार.

म्हणून आज एकही रेघ मारली नाही. नुसते नियम लिहिले. पावसाळ्यात पाणी चढतं, खालचे टप्पे बुडतात. उन्हाळ्यात पाणी खोल जातं आणि माणसं त्याच्यामागं उतरतात. म्हणजे एकेका घराला दोन ठिकाणं: वरचं पावसाळी, खालचं उन्हाळी. खालच्या घरात लाकूड चालणार नाही, कुजेल. कोनाडे, ओटे, दिवळ्या, सगळं दगडात कोरलेलं. सामान मात्र हलकं, वर्षातून दोनदा उचलून न्यायचंय. खांबांवर गेल्या कित्येक वर्षांच्या पाण्याच्या रेघा. आंघोळीचं अजून सुचलं नाही.

बुधवार

मूड बोर्ड, म्हणजे संदर्भाच्या फोटोंचा फलक, लावायला बसले. मराठवाडा असं शोधलं की जे फोटो येतात ते एकाच माणसानं काढल्यासारखे. भेगाळलेली जमीन, एक वठलेलं झाड, डोक्यावर हंडा घेतलेली बाई, आणि वरून पिवळा फिल्टर. त्यातला एकही बोर्डावर घेतला नाही.

भेगांबद्दल तर माझी तक्रारच आहे. काळी माती वाळली की आकसते, तिच्यातल्या चिकणमातीचा तो स्वभावच आहे. पाऊस धो धो पडलेल्या वर्षीही एप्रिलमध्ये आमच्या रानात पाय अडकेल एवढी भेग असते. ती दुष्काळाची सही नव्हे. पण फोटोत छान दिसते, काय करणार.

बोर्डावर लावलं ते असं: नळदुर्गचा पाणीमहाल, पाणचक्कीचा हौद, परभणीकडच्या बारवा. नळदुर्गला बोरी नदीवर बांध आहे आणि त्या बांधाच्या पोटातच खोल्या आहेत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं काम. नदी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि आत उभ्या असलेल्या माणसाला खिडकीतून त्या धारेची आतली बाजू दिसते. धबधब्याच्या मागं बसायची सोय करावी असं ज्याला सुचलं, त्याला आजच्या काळात कुठल्याही गेम स्टुडिओनं हसत नोकरी दिली असती.

गुरुवार, संध्याकाळी

कॉलेज सुटल्यावर पाणचक्कीला. शाळेच्या सहलीत सगळ्यांनी पाहिलेली जागा, पण तेव्हा आपण भेळ कुठं मिळते ते बघतो. पाणी लांबून, शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेलं. ते आधी एका उंच मनोऱ्यात चढवलंय, मग उंचावरून सोडलंय, आणि त्या पडण्याच्या जोरावर दळणाचं जातं फिरायचं. पंप नाही, बैल नाही. त्याच्या आधी मलिक अंबरनं खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली ती १६१० साली, आणि त्या शहराला त्यानं जमिनीखालून नहर आणली. तीही नुसत्या उतारावर वाहणारी, मध्ये मध्ये हवेसाठी उच्छ्वास ठेवलेली.

मला सगळ्यात आवडला तो हौद. हौदाच्या खाली मोठा दिवाणखाना आहे आणि हौदाचा तळ हेच त्याचं छत. डोक्यावर पाणी भरलेलं, म्हणून खाली गारवा. हे मी जसंच्या तसं उचलणार. तळवाडीतल्या उन्हाळी घरांच्या डोक्यावर उथळ टाक्या, पावसाचं पाणी धरून ठेवणाऱ्या. छतावर लाटांचा उजेड नाचवायचा मोह झाला होता, पण छत दगडाचं, उजेड येणार कुठून? तो मोह खोडला. उजेड बाजूच्या पायऱ्यांवरूनच येईल, तिरका, दुपारी तासभर.

स्केचबुकात फक्त काटछेद काढले. सुंदर एकही नाही. एक काका बराच वेळ वाकून बघत होते, मग म्हणाले, "इंजिनिअरिंगला का?" मी हो म्हणून टाकलं.

रविवार, गावी

सकाळच्या बसनं आले. सेलू तालुक्यातलं गाव, त्यामुळे वालूर जवळच. तिथली चक्राकार बारव लहानपणी आम्हाला माहीतच नव्हती, गाळानं बुजलेली होती. गावकऱ्यांनीच ती उपसून मोकळी केली. पायऱ्या सरळ न उतरता गोल फिरत जातात. एका जागी उभं राहून सगळ्या पायऱ्या दिसत नाहीत, म्हणजे पुढं काय आहे हे चालल्याशिवाय कळत नाही. तळवाडीचा रस्ता असाच फिरता ठेवायचा. पर्स्पेक्टिव्ह काढताना जीव जाणार आहे, पण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आधी साधे ठोकळे रचून कॅमेरा कुठं ठेवायचा ते ठरवीन आणि त्यावर क्रिटा या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगवीन. दोन्ही फुकट आहेत, हे बरंय.

दुपारी आबांना मोटेबद्दल, बैलांनी विहिरीतलं पाणी ओढायच्या साधनाबद्दल, विचारलं. ते आधी हसले. "काय काढायलीस गं, मोट? तुझ्या बापानं बी धड पाहिली नाही." मग माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि स्वतःच काढायला लागले.

मी आजवर मोट म्हणजे चामड्याची मोठी बादली समजत होते. ती सोंडेची असते. वरचं तोंड रुंद, खाली हत्तीच्या सोंडेसारखी नळी. दोर दोन असतात. जाड नाडा वरच्या चाकावरून, तो तोंडाला. बारीक सोंदूर खालच्या कण्यावरून, म्हणजे आडव्या फिरत्या लाकडावरून, तो सोंडेच्या टोकाला. विहिरीत असताना सोंदूर सोंड वर दुमडून धरतो, म्हणून पाणी सांडत नाही. बैल उताराच्या धावेवरून खाली चालत जातात, मोट वर येते, आणि वर आली की सोंड कण्यावरून पुढं ओढली जाऊन थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, आपोआप रिकामी होते. मोट उलटी करायला माणूस लागतच नाही. मग बैल मागं मागं पावलं टाकत धाव चढतात. "सगळी करामत दोन दोरांच्या लांबीतल्या फरकाची," आबा म्हणाले. "फरक चुकला की पाणी मधीच सांडतंय."

वस्तूंच्या शीटवर आता हेच येणार, चार टप्प्यांत, प्रत्येक दोराला बाण दाखवून. आबांनी काढलेलं चित्रही स्कॅन करून कोपऱ्यात लावणार आहे. रेघ थरथरती आहे पण एकही दोर चुकीच्या जागी नाही.

आंघोळीचंही यातूनच सुटलं. वापरलेलं पाणी परत बारवेत जाता कामा नये, मग खाली आंघोळ होऊच शकत नाही. पाणी मोटेनं वर, थारोळ्यात. आंघोळ, धुणं, भांडी तिथं वर, आणि तिथून पाट मळ्यात. म्हणजे जमिनीवर काही नाही हा माझा पहिलाच नियम मोडला. वर थारोळी, न्हाण्या, वाळत घातलेल्या साड्या आणि हिरवा मळा. लांबून येणाऱ्या माणसाला आधी वाळत घातलेल्या साड्या दिसतील, गाव नंतर. एंट्रीचा शॉट मिळाला.

सोमवार, परतीच्या बसमध्ये

मुख्य पात्र पाणाड्याचं काम करणारी मुलगी. आमच्याकडं अजूनही बोअर घ्यायच्या आधी पाणाड्याला बोलावतात. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रान फिरतो, नारळ उभा राहिला की म्हणायचं इथं पाणी. माझा विश्वास नाही, बाबांचा अर्धा आहे, बोअरवाल्याचा अजिबात नाही पण तो काही बोलत नाही. सिल्हूट, म्हणजे नुसती बाह्याकृती, म्हणून मात्र तोड नाही. हात पुढं, तळहात वर, नजर खाली, पाऊल सावकाश. काळ्या आकृतीतसुद्धा ओळखू येतं.

तिचं ज्ञान मी नारळात ठेवणार नाही, भिंतीत ठेवणार आहे. आपला काळा पाषाण म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल मातीचा पट्टा. पाणी सापडतं ते खडकाच्या फटीत, झिजलेल्या मुरमात, थरांच्या सांध्यात. म्हणून एका बांधाच्या अलीकडं बोअर लागते आणि पलीकडं धूळ उडते. तळवाडीची भिंत म्हणजे या थरांचा उभा काप, आणि मुलगी ती बोटांनी चाचपत वाचते. नखांत लाल माती. नारळ कमरेला, पिशवीत. गिऱ्हाइकाला दाखवायला.

गुरुवार, रात्री

पॅलेटवर, म्हणजे चित्रांत कुठले रंग घ्यायचे यावर, अडकलेय.

अजिंठ्याच्या रंगांवरून सुरुवात केली. भिंतीवर माती-भुशाचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. लाल आणि पिवळा गेरू, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा, हिरव्या मातीचा हिरवा. जवळपास सगळं आसपासच्या खडकामातीतलं. निळा तेवढा लाजवर्दाचा, आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून यायचा. पाचव्या शतकात तिथून वाघूर नदीच्या त्या खोऱ्यापर्यंत. अर्थातच तो जपून वापरलाय.

माझं आधीचं गणित सोपं होतं: सगळं चित्र गेरू-काळ्यात, निळा फक्त पाण्याला. दिसायला हमखास. पण वालूरहून काढून आणलेले फोटो उघडले आणि सगळं फिसकटलं. बारवेतलं पाणी निळं नाहीच. हिरवं आहे, शेवाळी, सावलीत जवळजवळ काळं. मग आपल्याकडं निळं काय असतं? दारातले प्लॅस्टिकचे ड्रम. दोनशे लिटरचे, टँकर यायच्या वेळी रांगेत लावलेले.

हे बोलत होते तर रूममेट, लातूरची, पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "काय करलालीस रात्रीचं? झोप की." मग स्वतःच उठून बसली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ती शाळेत होती. लोक गाडीचे फोटो काढायला गेले होते म्हणे, हिला मात्र त्या काळातलं आठवतं ते घरातलं: प्रत्येक खोलीत काहीतरी भरून ठेवलेलं, पलंगाखालीसुद्धा, आणि कुठल्या भांड्यातलं प्यायचं, कुठल्यातलं वापरायचं यावरून रोज भांडण.

तेव्हा ठरलं. बारवेचं पाणी हिरव्या मातीच्या हिरव्यात. निळा रंग फक्त बाहेरून आलेल्या पाण्याला. गावाच्या दृश्यांमध्ये तो कुठंच नाही. की-आर्टमध्ये बारव खोल गेलीय, मुलगी तळाशी भिंतीला हात लावून उभी आहे, आणि वर, काठावर, अगदी लहान, निळ्या पिंपांची एक रांग. पिंपं कुणी आणली, किती पैसे घेतले, मुलगी आता बेकार होणार का, हे काही चित्रात सांगणार नाही. एवढी ओढ राहू दे बघणाऱ्याला.

सर विचारतील, इतका कमी निळा नजरेत भरेल का? भरेल. चित्र करड्या छटांत बदलून व्हॅल्यू, म्हणजे उजळ-गडदपणा, तपासल्या. काठावर सगळ्यात उजळ आकाश आणि सगळ्यात गडद दगड एकमेकांना भिडतात, नजर आधी तिथंच जाते. एक उपद्रव आहे. स्क्रीनवरचा हा निळा छपाईच्या चार शाईंमध्ये (सीएमवायके) गेला की जांभळट पडतो, आणि जांभळी पिंपं मराठवाड्यात कुणी पाहिली नाहीत. किंचित हिरवट करून बघायला हवा. पण फार हिरवा झाला तर बारवेच्या पाण्यात मिसळेल आणि सगळाच डाव फसेल. उद्या औरंगपुऱ्यात जाऊन त्याच कागदावर छोट्या पट्ट्या काढून घेते, निळ्याच्या पाच-सहा छटा. प्रिंटवाले दादा एवढ्याशा कामाला कुरकुर करतात, तेव्हा सकाळी गर्दीच्या आधी गेलेलं बरं.