शाळेच्या दारातला पदपथ आणि एकाची झालेली चार पत्रं

सदाशिव पेठेतल्या एका शाळेत सहावी ते आठवीला नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांचं प्रशिक्षण मी घेत होते. स्थानिक शासनाचा घटक बऱ्याचदा नगरसेवक, महापौर, आयुक्त या तक्त्यावरच संपतो. दारातला प्रश्न नेमक्या कुठल्या टेबलावर न्यायचा, हे मुलांना कळतच नाही. म्हणून विषय घेतला शाळेबाहेरच्या पदपथाचा.

प्रत्येक गटाला एक टेप आणि रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा दिला. टिपायच्या गोष्टी तीनच: पदपथाची पूर्ण रुंदी, चालायला खरोखर मोकळी असलेली रुंदी आणि उरलेली जागा कशानं अडली आहे. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. टेप लावायचा तो सगळ्यात अरुंद ठिकाणी. गट हमखास जिथं उभं राहायला सोयीचं तिथं मोजतात आणि आकडा फसवा येतो.

परत आल्यावर एका गटानं आयुक्तांना लिहिलेलं पत्र वाचायला घेतलं: ‘पथारीवाल्यांचं अतिक्रमण तातडीनं हटवावं.’ त्यांचाच नकाशा फळ्यावर लावलेला होता. त्यात सर्वाधिक जागा दुचाकींनी आणि दुकानांच्या पुढे आलेल्या पायऱ्यांनी खाल्ली होती, एक विजेची पेटी मधोमध होती आणि पथाऱ्या होत्या दोन. पत्रात बाकी कशाचाच उल्लेख नव्हता.

तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, “मॅडम, माझ्या वर्गातल्या दोन मुलांच्या आया अशीच पथारी लावतात. हे पत्र मी वर्गात लिहून घेतलं तर त्या मुलांनी काय करायचं?”

वाचन तिथंच थांबलं. दुपारी वाटायच्या झेरॉक्स मी लगेच वाटल्या. पथविक्रेत्यांचा २०१४ चा केंद्रीय कायदा पुष्कळ शिक्षक पहिल्यांदाच वाचत होते. कलम ३ नुसार विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवता येत नाही. प्रमाणपत्र असलेल्याला जागेवरून हलवायचं तर कलम १८ नुसार तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. कलम २२ मधल्या शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, तेही त्यांनीच निवडून दिलेले.

मग नियम घातला: पत्रातल्या प्रत्येक वाक्याला मोजलेला आकडा किंवा कलमाचा आधार हवा. नसेल तर वाक्य खोडायचं. एका पत्राची चार झाली. दुचाकी वाहतूक पोलिसांकडे, पायऱ्या आणि पथाऱ्या महापालिकेच्या अतिक्रमण विभागाकडे, पदपथाच्या फरशा पथ विभागाकडे, पेटी महावितरणकडे. पथाऱ्यांबद्दलच्या मजकुरात ‘हटवा’ गेलं आणि ‘या रस्त्याचं सर्वेक्षण झालं आहे का?’ हा प्रश्न आला.

एक ज्येष्ठ सर शेवटपर्यंत ठाम राहिले: व्हीलचेअर जात नसेल तर पदपथ अपुराच, मग अडवणारा कुणीही असो. त्यांचं म्हणणं बिनतोड आहे आणि ते वर्गातही यायलाच हवं. चर्चेत शिक्षकानं निकाल देऊ नये. मात्र बोलणाऱ्यानं आधी समोरच्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा मांडावा, हा आग्रह धरावा. तो नसेल तर भूमिका वाटून दिल्या की नाटुकलं होतं, टाळ्या पडतात आणि कायदा बाजूला राहतो.

“पोर्शन कधी संपवायचा?” हा प्रश्न आलाच, आणि तो रास्त आहे. हे सगळं दोन तासिकांत बसतं. मोजणी शाळा सुटताना फाटकासमोर करायची, पहिल्या तासिकेत नकाशा आणि चर्चा, दुसरीत पत्रं. सही ऐच्छिक, आणि पत्रात कुठल्याही विक्रेत्याचं नाव नको.

पत्र ज्या-त्या कार्यालयात दिल्यावर आवक क्रमांकाची पोच घ्यायची. उत्तर नाही आलं, तर शिक्षकांनी दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याला तीस दिवसांची मुदत असते. अर्जात ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारलं की बहुधा काहीच हाती लागत नाही. ‘या आवक क्रमांकाच्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात’ असं लिहायचं.