विळा खाली ठेवला, तेव्हा गाजरगवत हटलं

पहिल्या वर्षी मी गाजरगवत ओळखलं ते फुलांवरून, आणि तिथेच चुकलं. पांढरे ठिपके दिसायला लागले की उशीर झालेला असतो. तरी विळा घेऊन पडीक तुकडा सगळा कापून काढला. पंधरा दिवसांत प्रत्येक बुडख्यातून चार-पाच फुटवे आले आणि गुडघ्याएवढे होण्याआधीच फुलले. कापलेलं सगळं खतखड्ड्यात टाकलं होतं. पुढच्या पावसाळ्यात ते खत जिथे जिथे पसरलं, तिथे तिथे हे तण उगवलं. एक झाड 15 ते 25 हजार बिया धरतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग कोवळं रोप ओळखायला शिकलो. ते उभं वाढत नाही, आधी जमिनीला चिकटून चक्रासारखं पसरतं. पानं गाजरासारखी कातरलेली, फिकट हिरवी, अंगावर बारीक लव. झेंडूच्या रोपाशी घोटाळा होतो, पण झेंडू सुरुवातीपासून उभा राहतो आणि त्याचं पान गुळगुळीत असतं. ही खूण डोळ्यात बसली आणि कामाची वेळच बदलली.

कोरडवाहू जमिनीत पाऊस पडला की सगळी रोपं एकदम वर येतात आणि महिना-दीड महिन्यात फुलावर येतात. माझ्या हातात तेवढेच दिवस. पाऊस उघडून वाफसा आला की जमीन मऊ असते, तेव्हा मूळ अख्खं निघतं. जमीन वाळली की झाड वरच्यावर तुटतं आणि बुडखा आत राहतो. त्यामुळे दर पावसानंतर फेरी मारायची, खुरप्याने सैल करून मुळासकट उपटायचं. फुलाआधी उपटलेलं खतात चालतं. फुलं धरलेलं झाड मी वेगळं वाळवून जाळतो, खड्ड्याजवळही नेत नाही.

हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा मात्र हवाच. मी आधी उघड्या हातांनी उपटत होतो. कोपराच्या आतल्या बाजूला आणि पापण्यांवर अशी खाज सुटली की दोन रात्री झोप नाही. गाजरगवतातल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे हे होतं, आणि एकदा वावडं जडलं की पुढे थोड्या स्पर्शानेही त्रास होतो.

मिठाचं पाणी फवारायचा सल्लाही मिळाला. मी तो ऐकला नाही. आमच्यासारख्या कमी पावसाच्या जमिनीतून ते मीठ धुऊन कोण नेणार?

मोकळी झालेली जागा मोकळी ठेवली तर गाजरगवत परत येतंच. म्हणून तरोट्याच्या (टाकळ्याच्या) शेंगा जमवून पावसाआधी बी फेकलं. तरोटा दाट उगवला आणि खाली सावली धरली. गाजरगवताच्या काही झाडांवर मेक्सिकन भुंगेही दिसले, मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेले. भारतात ते 1984 मध्ये बंगळुरूला हे तण खाण्यासाठी मुद्दाम सोडले होते. पानं चाळणीसारखी करतात, पण पावसाळा सरला की मातीत शिरतात. त्यांच्या भरवशावर उपटणी सोडता येत नाही.

हे तिसरं वर्ष. पहिल्या फेरीत दोन पाट्या भरल्या, तिसरीत मूठभर रोपं हाती आली. वाटेच्या कडेला, जिथून जनावरं आणि गाड्यांची चाकं जातात, तिथे अजूनही दर आठवड्याला खुरपं घेऊन जावं लागतं.