फ्ले, बुजगावणं आणि रात्रीची लाईट

मागच्या पौषात माहेरी गेले होते, गोदाकाठी, निफाड तालुक्यात. रात्री साडेदहाला शेताची लाईट आली आणि धाकटा भाऊ उसाला पाणी भरायला निघाला. हातात बॅटरी आणि काठी, खिशातल्या मोबाईलवर मोठ्या आवाजात भजनं. एरवी हा भजनाला कधी बसत नाही.

"देवासाठी नाही गं ताई, बिबट्यासाठी लावलंय. आवाज ऐकला की तो वाट सोडतो."

दहा पावलं गेल्यावर त्याने आवाज आणखी वाढवला. तो काही बिबट्यासाठी नव्हता.

नेमका त्याच आठवड्यात मला एक जुना स्कॉट्स शब्द सापडला होता, 'फ्ले'. मी नाशकात मुद्रितं तपासते, शब्दकोश चाळायचा नाद त्यातूनच लागला. स्कॉट्स म्हणजे स्कॉटलंडच्या सखल भागातली, इंग्रजीची बहीण. तिला भाषा म्हणायचं की बोली, हा वाद आपल्याकडे अहिराणीवरून चालतो तसाच तिकडेही चालतो.

तर 'फ्ले' म्हणजे घाबरवणं. नाम म्हणून वापरला तर भीती, दचका. 'फ्लेड' म्हणजे घाबरलेला. पण मुळात यात भीती नव्हतीच. 'पळणे' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदाचं हे प्रयोजक रूप, म्हणजे सरळसरळ 'पळवणे'. आधी हुसकावून लावणं, आणि त्यातून पुढे भिववणं. पाय आधी पळाले, काळजाला खबर नंतर लागली. आपली भीती कुठून कुठून येते बघा. पाचावर धारण बसते ती बाजारातून आली म्हणतात. धारण म्हणजे धान्याचा भाव, आणि रुपयाला पाचच शेर मिळायला लागले की माणसाचं धाबं दणाणायचं.

रॉबर्ट बर्न्स हा स्वतः नांगर धरणारा कवी. 1785 सालच्या त्याच्या एका कवितेत दारू पिऊन रात्री घरी निघालेल्या माणसाला वाटेत साक्षात मृत्यू भेटतो. एका खांद्यावर लांब दांड्याचा विळा, दुसऱ्यावर मासे मारायचा तीन टोकांचा भाला. आणि खोल आवाजात तो सांगतो, मी मृत्यू, पण 'फ्लेड' होऊ नकोस! मला इथे हसू फुटलं. 'भिऊ नकोस' म्हणणारा कोण, तर हा. कवितेतली खरी थट्टा मात्र गावातल्या एका मास्तरची आहे. शाळा सांभाळून तो औषधंही द्यायचा, आणि मृत्यूची तक्रार अशी की हा माझा धंदा बसवतोय. त्या मास्तरचं नाव जॉन विल्सन. आता माझ्या टेबलावरच्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती उघडा. सुरुवातीची मराठी भाषेवरची टिपणं कुणाची, तर जॉन विल्सन यांची! हे मुंबईचे, विल्सन कॉलेजवाले, जन्माने स्कॉटिश. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण रात्री अकरा वाजता एकटीने कोश चाळताना असं काही दिसलं की बरं वाटतं.

'फ्ले'ला मराठीत काय म्हणावं, यावर मी बरेच दिवस अडले होते. भिववणे, भेडसावणे, सगळे बरोबर, पण त्यांत पळापळ नाही. मग आठवलं 'बुजणे'. बैल बुजला, घोडं बुजलं. म्हणजे नुसता घाबरला नाही, अंग चोरून बाजूला झाला, दावं तोडून सुटला. याचं प्रयोजक रूप हवं तर पंचाईत, कारण 'बुजवणे' म्हटलं की आपल्याला खड्डेच आठवतात, आणि तेही कुणी बुजवत नाही ते सोडा. पण 'बुजगावणं' आहेच. स्कॉट्समध्ये त्याला 'टॅटी-बोगल' म्हणतात. टॅटी म्हणजे बटाटा आणि बोगल म्हणजे भूत. बटाट्याच्या वावरातलं भूत! आपल्या शब्दात भूत नाही, समोरच्याचं बुजणं आहे. मला आपला जास्त आवडतो, पण मी काही निःपक्षपाती नाही.

इंग्रजीतला 'ईरी' हाही तिकडचाच. आज तो भयाण जागेला लावतात. जुन्या स्कॉट्समध्ये तो माणसाला लावायचे, भेदरलेल्याला. भीती माणसातून निघाली आणि जागेत जाऊन बसली. भाऊ म्हणतो, "विहिरीकडचा बांध भयाण आहे." लहानपणी आम्ही त्याच बांधावर बोरं खायचो.

पहाटे तो परत आला तेव्हा मोबाईल बंद पडला होता. बॅटरी संपली म्हणाला. परतताना रस्ताभर स्वतःच गात आला होता, आणि आवाज पार बसला होता.

सकाळी द्राक्षबागेच्या कडेला गेले. बुजगावण्याच्या अंगात वडिलांचा पांढरा सदरा, डोक्यावर त्यांचीच टोपी. मागच्या वर्षी ते गेले, तेव्हा आईने कपडे वाटून टाकले होते, हे दोन कसे राहिले कोण जाणे. खांद्यावर दोन साळुंक्या निवांत बसल्या होत्या. बुजले ती मीच.