फार्मर की वेव्ह प्लस: ओलिताच्या शेतकऱ्याने खिशात काय बाळगावे

खिशात मावणाऱ्या मल्टिटूलविषयी, म्हणजे एकाच मुठीत अनेक साधने असलेल्या हत्याराविषयी, जे लिहिले जाते, ते बहुतेक वेळा पार्सल उघडणारा, खुर्चीचा ढिला स्क्रू आवळणारा आणि सहलीला जाणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याची बाग, थोडी कपाशी आणि तूर सांभाळणाऱ्या माणसाचा दिवस वेगळा असतो. त्याचे वावर गावापासून दोन-तीन किलोमीटर दूर असते, दुरुस्तीचे सामान घरच्या कोठ्यात असते, आणि बिघाड मात्र नेमका दूरच्या धुऱ्यावर (बांधावर) होतो. अशा माणसाने कोणते हत्यार रोज अंगावर बाळगावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. मी ज्या दोन हत्यारांची तुलना करणार आहे ती दोन्ही प्रसिद्ध आहेत आणि दोन्ही माझ्या नित्य वापरात आहेत: स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा ‘फार्मर’ आणि अमेरिकेच्या लेदरमनचा ‘वेव्ह प्लस’.

माझे मत प्रथमच सांगतो. शेतात काम अडते ते बहुधा धारेवाचून अडत नाही, पकडीवाचून अडते. विळा, कोयता, कुऱ्हाड यांपैकी काहीतरी बंडीत किंवा सालदाराच्या हाती असतेच; पक्कड मात्र हवी त्या ठिकाणी कधीच नसते. या एका गोष्टीवरून दोन्ही हत्यारांचा निवाडा बराचसा होतो, पण पूर्ण होत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

दोन्हींच्या जन्मकथेतही हाच फरक दिसतो. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ साली इबाख या गावी चाकू बनवण्याचा कारखाना सुरू केला आणि १८९१ साली स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले. त्या सैनिकी चाकूत पाते, भोके पाडण्याची आरी, डबा उघडण्याचे साधन आणि पेचकस होता, कारण सैनिकाला डबाबंद अन्न खायचे होते आणि आपली रायफल खोलायची होती. पुढे १९६१ साली सैन्यासाठी ॲल्युमिनियमच्या मुठीचा चाकू आला. आजचा फार्मर त्याच घराण्यातला आहे, फक्त त्याला लाकूड कापण्याची करवत जोडलेली आहे. लेदरमनची गोष्ट याहून बरीच अलीकडची आहे. टिम लेदरमन १९७५ साली पत्नीसह एका जुन्या फियाट गाडीतून युरोपात फिरत होते. गाडी वारंवार कुरकुरत होती, खिशात साधा चाकू होता, आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटे की हाताशी एक पक्कड असायला हवी होती. त्या गरजेतून काही वर्षांच्या खटपटीनंतर १९८३ साली त्यांचे पहिले मल्टिटूल बाजारात आले. वेव्ह हे मॉडेल १९९८ साली आले, २००४ साली त्याची रचना सुधारली, आणि तारा कापण्याची बदलता येणारी पाती असलेला वेव्ह प्लस २०१८ पासून मिळतो.

फार्मर मिटलेला ९३ मिलिमीटर लांब असतो आणि वजनाला ८० ग्रॅमच्या आसपास भरतो. पायजम्याच्या किंवा शर्टाच्या खिशात तो आहे हे जाणवतही नाही. त्यात एक मोठे पाते, करवत, आरी, लहान पेचकसाचे टोक असलेला डबा-उघडणी आणि रुंद पेचकसाचे टोक असलेला बाटली-उघडणी, एवढेच आहे. वेव्ह प्लस मिटल्यावर १० सेंटिमीटरचा होतो, पण त्याचे वजन २४१ ग्रॅम आहे, म्हणजे फार्मरच्या जवळजवळ तिप्पट. धोतर किंवा पायजमा नेसणाऱ्याच्या खिशात तो टिकत नाही. तो कमरपट्ट्याला म्यानातच अडकवावा लागतो. कपाशीच्या दाट ओळींतून दिवसभर चालणाऱ्याला कमरेवरचे ते वजन आणि म्यानाला अडकणाऱ्या पऱ्हाट्या दोन्ही सोसावे लागतात. रोज अंगावर बाळगण्याच्या दृष्टीने हा वेव्हचा खरा उणेपणा आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही.

आता कामाकडे वळतो. आमच्याकडे रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी धुऱ्याभोवती झटका मशीनची, म्हणजे जीव न घेता विजेचा झटका देणाऱ्या यंत्राची, तार ओढलेली असते. ही तार रात्रीतून तुटते, इन्सुलेटरवरून निसटते किंवा एखाद्या फांदीने दबते. तुटलेली दोन टोके एकमेकांत गुंतवून पीळ देणे, इन्सुलेटरभोवती वेढा घालून ताण धरणे आणि उरलेले टोक कापणे ही तिन्ही कामे बोटांनी नीट होत नाहीत. वेव्ह प्लसची निमुळत्या तोंडाची पक्कड पीळ देते, तिच्या मागच्या भागातली खाच कडक तार तोडते, आणि हे सर्व पाच मिनिटांत जागच्या जागी उरकते. फार्मर येथे काहीही करू शकत नाही. तारेला हात लावण्यापूर्वी मशीन बंद करावी, हे सांगायला नको. मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतो: झटका मशीन न लावता कुंपणात थेट लाइनचा प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे, आणि त्याने जनावरांबरोबर माणसेही मेलेली आहेत. कोणत्याही पिकाचे नुकसान एवढे मोठे नसते.

ठिबकचे काम संमिश्र आहे. खारी आणि रानडुकरे १६ मिलिमीटरच्या लॅटरल (झाडांच्या ओळींतून जाणाऱ्या नळ्या) कुरतडतात. खराब भाग कापून मध्ये जॉइनर बसवावा लागतो. कापण्याचे काम फार्मरचे सरळ पाते उत्तम करते, आणि काप जितका काटकोनात होईल तितका जॉइनर घट्ट बसतो. परंतु जुन्या लॅटरलमध्ये रुतून बसलेला जॉइनर किंवा डमी (भोक बंद करणारे बूच) उपटायची असेल, तर पुन्हा पकड लागते. फार्मरची आरी टोकदार आणि कडेने धारदार असते, त्यामुळे तिने लॅटरलला भोक पाडण्याचा मोह होतो. तसे करू नये. आरीचे भोक कडेला चिरलेले निघते आणि ड्रिपरच्या बुडातून पाणी झिरपत राहते. त्यासाठी ठिबकवाल्यांचा पंचच वापरावा. चामड्याचा पट्टा, जोत्याची वादी, ताडपत्री यांना भोक पाडायला मात्र या आरीसारखे साधन नाही.

मोटरपंपाच्या बाबतीत दोन्ही हत्यारांविषयी एकच इशारा आहे. वेव्ह प्लस संपूर्ण पोलादी आहे आणि त्याच्या मुठीवर विजेपासून संरक्षण देणारे कोणतेही आवरण नाही. फार्मरची मूठ तर ॲल्युमिनियमची आहे. स्टार्टरमध्ये थ्री फेजचे ४१५ व्होल्ट येतात. मेन स्विच पाडून, टेस्टरने खात्री करून, मगच झाकण उघडावे, आणि डीपीवर (ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर) तर यांपैकी काहीही घेऊन चढू नये. प्रवाह बंद असताना केबलचे टोक सोलणे, ढिले टर्मिनल आवळणे, लग (केबलच्या टोकाला लावायची धातूची टोपी) दाबून बसवणे या कामांना वेव्ह उपयोगी पडतो. त्याचा मुख्य पेचकस बिटचा आहे, म्हणजे त्याचे टोक बदलता येते. बिट चपटे आणि आखूड असल्यामुळे खोल बसलेल्या स्क्रूपर्यंत ते पोहोचत नाही, आणि सोबतचे सुटे बिट काळ्या मातीत पडले की सापडत नाही. फार्मरचा पेचकस हत्याराचाच भाग असल्याने हरवण्याचा प्रश्न येत नाही, आणि त्याच्या डबा-उघडणीचे टोक चारखाची (फिलिप्स) स्क्रूलाही बऱ्यापैकी लागू पडते. नट-बोल्टसाठी दोन्ही निरुपयोगी समजावेत. पकडीने नट फिरवला की त्याचे कोपरे झिजतात आणि पुढे पाना त्याला धरत नाही.

संत्र्याच्या बागेत फार्मरचे दिवस येतात. बहार ओसरल्यावर झाडांची सल (वाळलेल्या फांद्या) काढावी लागते, आणि अंगठ्याएवढ्या वाळलेल्या फांदीला फार्मरची करवत इतकी स्वच्छ कापते की साल फाटत नाही. वेव्हलाही करवत आहे आणि तीही चांगली आहे, पण झाडाच्या आत वाकून, काट्यांतून हात घालून काम करताना हलके आणि सडपातळ हत्यार अधिक सोयीचे ठरते. सिकेटरची (फांद्या छाटण्याच्या कात्रीची) जागा दोन्ही घेऊ शकत नाहीत. बागेत फिरता फिरता नजरेस पडलेली फांदी काढण्यापुरतेच त्यांचे काम आहे. कापलेल्या जागी आपण बोर्डो मलम लावतो. त्यातले मोरचूद लोखंडालाही खाते आणि ॲल्युमिनियमलाही, म्हणून मलमाने माखलेल्या हातांनी फार्मर खिशात टाकू नये. आधी पाण्याने धुऊन कोरडा करावा. एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडावर जाऊ नये यासाठी पाते आणि करवत निर्जंतुक करण्याची सवयही ठेवावी.

कपाशीत चाकूचे सर्वांत महत्त्वाचे काम कापण्याचे नसून पाहण्याचे आहे. गुलाबी बोंडअळी हिरव्या बोंडात शिरली की तिच्या शिरकावाचे भोक बुजते आणि बाहेरून बोंड निरोगी दिसते. म्हणून एकरी २० झाडांवरून प्रत्येकी एक हिरवे बोंड तोडून ते फोडून पाहावे, आणि त्यांतील दोन बोंडांत प्रादुर्भाव आढळला, म्हणजे १० टक्क्यांची पातळी गाठली, तर उपाय योजावा, असे तज्ज्ञ सांगतात. हे काम बोटांनी करण्याचा कंटाळा येतो आणि मग ते होतच नाही. खिशात चाकू असला की ते चालता चालता होते. या कामात वेव्हची एक सोय विशेष जाणवते. त्याची दोन्ही मोठी पाती मुठीच्या बाहेरच्या बाजूला आहेत आणि ती एका हाताच्या अंगठ्याने उघडतात, त्यामुळे डाव्या हातातले बोंड खाली ठेवावे लागत नाही. उघडलेले पाते जागी पक्के अडकते. फार्मरचे पाते नखाने, दोन्ही हात वापरून उघडावे लागते, आणि त्याला अडकवण नाही. केवळ स्प्रिंगच्या जोरावर ते उभे राहते. त्यामुळे फार्मरचे टोक कशात खुपसून जोर देणे धोक्याचे आहे, कारण पाते उलटे मिटून बोटांवर येऊ शकते. घरातल्या पोरांच्या हाती चाकू देताना ही गोष्ट आधी दाखवून द्यावी.

फवारणीच्या दिवसांसाठी मी एक कडक नियम पाळतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विदर्भातला कोणीही विसरलेला नाही. पंपाचे नोझल खोलायला, नळीचा क्लॅम्प आवळायला वेव्हची पक्कड कामी येते. परंतु तिच्या सांध्यांत आणि मुठीच्या पोकळीत औषधाचा अंश राहतो आणि वरवर पुसल्याने तो जात नाही. म्हणून जे हत्यार पंपाला लागले त्याने संत्रे, कांदा किंवा भाकरीसोबतची मिरची चिरायची नाही. नोझलच्या भोकात आरी किंवा तारही घालू नये, कारण भोक वेडेवाकडे झाले की फवारा बिघडतो. मऊ ब्रशने आणि पाण्याने ते साफ होते.

देखभालीत फार्मर सोपा आहे. आमची काळी माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते. ती वेव्हच्या सांध्यांत जाऊन बसली की पाती अडखळतात. कोमट साबणपाण्यात उघड-मीट करून धुणे, उन्हात पूर्ण वाळवणे आणि सांध्यांत शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडणे, हे पावसाळ्यात नियमाने करावे लागते. दोन्हींचे पोलाद गंजरोधक म्हटले जात असले तरी ओल्या म्यानात पडून राहिल्यास त्यावर डाग येतातच. धार लावण्याच्या बाबतीतही फार्मरचे सरळ पाते कोणत्याही बारीक दगडावर पटकन तयार होते. वेव्हचे सरळ पातेही तसेच, पण त्याचे दुसरे, दातेरी पाते सुतळी, बारदाना आणि दोर झपाट्याने कापत असले तरी बोथट झाल्यावर गावात कोणाकडूनही नीट लावून मिळत नाही. लेदरमन २५ वर्षांची हमी देते, तर व्हिक्टोरिनॉक्स साहित्यातील आणि घडणीतील दोषांसाठी आयुष्यभराची. झीज आणि गैरवापर हमीत येत नाहीत, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. बाजारात दोन्हींच्या हुबेहूब नकला मिळतात, तेव्हा ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे.

कायद्याविषयी शेजारी नेहमी विचारतात. आपल्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे, आणि त्यातूनही शेती व घरगुती वापराची साधने वगळलेली आहेत. या दोन्ही हत्यारांची पाती त्या मापाच्या जवळपासही जात नाहीत. तरीही न्यायालयात, मेट्रोत किंवा जिथे तपासणी होते अशा कोणत्याही ठिकाणी ते घेऊन जाऊ नये. नागपूरहून विमानाने जाणार असाल, तर ते हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात टाकावे.

राहिला प्रश्न निवडीचा. ज्याची शेती कोरडवाहू आहे, म्हणजे विहीर, मोटर, ठिबक आणि झटक्याची तार यांपैकी काही नाही, त्याने वेव्ह प्लसवर पैसे घालवू नयेत. फार्मर त्याच्या सर्व गरजा भागवतो आणि त्याची किंमत वेव्हच्या निम्म्याहूनही कमी पडते. ज्याचे ओलित आहे आणि जो स्वतः तार, पाइप आणि स्टार्टर हाताळतो, त्याने वेव्ह प्लस घ्यावा आणि कमरेवरच्या वजनाची तक्रार करू नये. एवढा खर्च एकदम झेपत नसेल, तर खिशात फार्मर आणि मोटरच्या खोलीत इन्सुलेटेड मुठीची चांगली आठ इंची पक्कड, ही जोडी मी सुचवीन. फक्त ती पक्कड खोलीतल्या खिळ्यालाच टांगलेली राहावी आणि घरी जाऊ नये, एवढी व्यवस्था आधी करावी लागेल.