तुम्ही विचारलंत म्हणून: आता वणव्यांचे नकाशे कशाला?

सोसायटीच्या कट्ट्यावर असो की लग्नाच्या पंगतीत, प्रश्न ठरलेला. "साहेब, अख्खी नोकरी आगी विझवण्यात गेली. आता टेकड्यांचे नकाशे घेऊन उन्हातान्हात कशाला हिंडता?" एरवी हसून सोडून देतो. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

शहरातली आग आम्हाला उशिरा भेटते. वर्दी येते, बंब निघतो, आणि पेठेतल्या वाड्यापाशी पोचेपर्यंत लाकडी जिना गेलेला असतो. आत सिलिंडर किती, माळ्यावर काय भरलंय, हे शिरल्यावरच कळायचं. डोंगरावरची आग मात्र काही लपवत नाही. गवत, उतार आणि वारा यांची ओळख असली की ती कुठे जाणार हे आधीच सांगता येतं. नोकरीत ही चैन कधी मिळाली नाही.

उताराचंच घ्या. आग चढाला लागली की ज्वाला वरच्या गवतावर झुकतात, ते पेटायच्या आधीच भाजून निघतं. ढोबळ हिशोब असा, की उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट. २० अंशांवर चौपट. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,०००चा नकाशा काढायचा आणि उंचीच्या रेषा जिथे एकमेकींना चिकटल्यात तिथे लाल पेन्सिल फिरवायची. रेषा डोंगराच्या पोटात वळलेल्या दिसल्या की तिथे घळ. घळ म्हणजे आगीचं धुराडं. म्हणून ट्रेकवाल्या पोरांना बजावतो, वणवा खाली दिसला तर घळीतून वर पळायचं नाही. आडवं सरकायचं, उघडा कातळ किंवा जळून गेलेली काळी जमीन गाठायची. मार्च २०१८मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर वणव्यात सापडले, वीसहून जास्त जीव गेले. गवताळ चढ आपल्या सिंहगडाच्या रांगेतही आहेतच की.

अमेरिकेत मॉन्टानामध्ये, मॅन गल्चला, १९४९ साली आग अशीच चढावर मागे लागली. आग विझवायला गेलेल्या पथकाचा प्रमुख वॅग डॉज याने पळता पळता समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि त्या राखेत पालथा पडला. तो वाचला, तेरा जण गेले. (नवख्याने करून बघायची ही गोष्ट नव्हे!)

"उपग्रहावर दिसतं की सगळं," असं हल्ली मुलं म्हणतात. दिसतं, मीही रोज बघतो. पण ज्या उपग्रहांवरून वणव्याचे ठिपके मिळतात, त्यांतल्या बारीक नजरेच्या उपकरणाचा एक चौकोनही ३७५ मीटरचा. शिवाय पुण्यातल्या वेताळ टेकडीवरचं एखादं गवताचं टेपाड बघता बघता जळून जातं. त्या वेळी उपग्रह डोक्यावर नसला तर नोंदच नाही. मग पायीच जावं लागतं.

पायी गेलं की बाकीचंही दिसतं. आगीच्या कडेला कोतवाल पक्षी हजर, उडणारे किडे टिपायला. टिटवी आणि चंडोल जमिनीवर अंडी घालतात, त्यांचं मात्र काही खरं नाही. कुसळी गवत बुडख्यातून पुन्हा फुटतं, पळसही फुटतो. वर्षाआड जाळलं तर कोवळी झाडं उभीच राहत नाहीत. मावळ-मुळशीत शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतो, म्हणजे जमिनीवर पालापाचोळा पसरून जाळतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. तो वारा बघून, कड धरून जाळतो. माझा राग टेकडीवर विडी टाकणाऱ्यावर आणि 'जाळलं की चांगलं गवत येतं' म्हणून काडी लावून घरी जाणाऱ्यावर.

आणि लाल पेन्सिलीचा उपयोग? जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून गवत आधीच काढून टाकलेली पट्टी, कुठे काढायची ते ठरवणं. सोयीची म्हणून ती बरेचदा चढाच्या मध्यात काढतात, तिथे वर धावणारी आग तिला जुमानत नाही. डोंगराच्या माथ्यावर मात्र पलीकडचा उतार सुरू झाला की आगीचा जोर आपोआप उतरतो, तिथे थोडी रुंद पट्टीही पुष्कळदा पुरते. ती पट्टी गवत पुरतं वाळायच्या आत निघायला हवी, म्हणून माझी खरी धावपळ दिवाळीच्या आगेमागे असते.